वयस्क तट्टू घेताना चिप, कागद आणि जनावर एकमेकांशी जुळवून पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वयस्क तट्टू किंवा पोनी घेणारा माणूस बहुधा भरवशावर व्यवहार करतो. घरातल्या मुलाला पहिल्यांदा खोगिरावर बसवायचे असते, त्यासाठी शांत आणि शिकलेले जनावर हवे असते. विकणारा सांगतो, 'चौदा वर्षांचे आहे, चिप बसवलेली आहे, पासपोर्टही (जनावराची ओळखपुस्तिका) आहे.' एवढ्यावर सौदा होऊन जातो. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात आणि मग एकमेकींशी जुळवून पाहाव्या लागतात. ते कसे करायचे आणि कुठे चुकते, हे सविस्तर कळवावे म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

ओळख चुकली की त्याची किंमत आधी जनावर मोजते. चौदा वर्षांचे म्हणून घेतलेले तट्टू प्रत्यक्षात बावीसचे असेल, तर त्याच्या दाढा झिजलेल्या असतात. सुके गवत नीट चावले जात नाही आणि पोटदुखीचा धोका वाढतो. गुडघ्या-घोट्याचे सांधे कुरकुरत असतात, तरी चौदा वर्षांच्या घोड्याचे काम त्याच्याकडून रोज घेतले जाते. ते अडले की 'हट्टी आहे' म्हणून पुढच्याला विकले जाते आणि विकताना वय पुन्हा चौदाच सांगितले जाते. शिवाय चोरीचे जनावर, दुसऱ्याच्या मालकीचे जनावर, खुरांच्या जुन्या दुखण्याचा इतिहास लपवलेले जनावर, हे सारे खोट्या किंवा अर्धवट ओळखीच्या आड दडते.

आधी चिपबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. चिपमध्ये जनावराचे नाव, वय, मालक यांपैकी काहीही साठवलेले नसते. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाडीची, मानेत टोचून बसवलेली ती काचेची कुपी असते. अलीकडे ८ मिलिमीटरच्या लहान कुप्याही वापरात आहेत. आत बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या लहरींवर चिप क्षणभर जागी होते आणि एक क्रमांक सांगते, बस्स. त्या क्रमांकाला अर्थ येतो तो नोंदवहीत किंवा डेटाबेसमध्ये त्याच्यापुढे जे लिहिले असेल त्यामुळे. तिथे काहीच लिहिलेले नसेल, किंवा तीन मालकांपूर्वीची नोंद तशीच पडून असेल, तर मानेतली चिप मुकी असते.

वयस्क तट्टूंच्या बाबतीत ही अडचण जास्त येते, कारण आयुर्मान. नीट सांभाळलेले तट्टू पंचवीस-तीस वर्षे सहज जगते, काही तिशीही ओलांडतात. चिपची व्यवस्था त्या मानाने नवी आहे. आज जगभर चालणारी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) ११७८४ आणि ११७८५ ही मानके १९९६ साली प्रसिद्ध झाली. युरोपीय संघात १ जुलै २००९ पासून नव्याने ओळखपत्र मिळणाऱ्या घोड्यांना चिप सक्तीची झाली, पण आधीपासून पासपोर्ट असलेल्यांना सूट होती. इंग्लंडमध्ये ही सूट १ ऑक्टोबर २०२० रोजी संपली आणि अर्धवन्य कळपांतली जनावरे सोडून जुन्या घोड्यांनाही चिप बसवणे बंधनकारक झाले. त्यामुळे अनेक वयस्क तट्टूंना चिप बसली ती दहाव्या, पंधराव्या किंवा अठराव्या वर्षी. शिंगरू आईबरोबर उभे असताना जी नोंद होते, तिच्यात जन्मतारीख आणि आई-बाप पाहून लिहिलेले असतात. अठराव्या वर्षी केलेल्या नोंदीत मालकाने जे सांगितले तेच लिहिले जाते. दोन्ही कागद दिसायला सारखेच असतात. फरक कळतो तो पासपोर्ट दिल्याची तारीख आणि जन्मतारीख शेजारी शेजारी वाचल्यावर. दोन्हींत मोठे अंतर असेल, त्यातही जन्मतारीख १ जानेवारी असेल, तर ते वय अंदाजाने लिहिलेले असण्याची शक्यता धरूनच पुढची तपासणी करावी.

स्कॅनिंग वाटते तितके सोपे नाही. 'स्कॅन केले, काही लागले नाही' या वाक्यावर आमचा विश्वास लवकर बसत नाही. आधी स्कॅनर चालतो आहे याची खात्री करावी, म्हणजे चिप आहे हे ठाऊक असलेल्या दुसऱ्या जनावरावर किंवा सुट्या चिपवर तो लावून पाहावा. बॅटरी उतरलेली असली की पल्ला कमी होतो आणि दोष चिपला दिला जातो. हातातल्या साध्या स्कॅनरचा पल्ला काही सेंटीमीटरचाच असतो. लोखंडी कड्यांची म्होरकी मानेजवळ असेल तर ती काढून दोरीची घालावी. लोखंडी फाटकाला किंवा ट्रेलरला टेकवून, ट्यूबलाइटच्या अगदी खाली, किंवा दुसऱ्या हातात मोबाइल धरून स्कॅन करू नये, कारण या सगळ्यांनी लहरींत अडथळा येतो.

घोड्याची चिप सहसा मानेच्या डाव्या बाजूला असते. कानांमागचा भाग आणि खोगिराच्या पुढचा उंचवटा यांच्या साधारण मध्यावर, आयाळीच्या रेषेपासून दोन-अडीच सेंटीमीटर खाली, मानेतून लांबीने जाणाऱ्या जाड लिगामेंटच्या (हाडांना बांधून ठेवणाऱ्या चिवट ऊतीच्या) पट्ट्यात ती बसवतात. त्या पट्ट्यात बसली तर जागची हलत नाही. मात्र तट्टूंच्या मानेवर चरबी फार साठते. आयाळीखालचा भाग उशीसारखा फुगलेला असेल, तर ठरलेल्या मापाने टोचलेली सुई लिगामेंटपर्यंत न पोहोचता चरबीतच थांबते. अशी चिप सरकण्याची शक्यता जास्त. पुढे तट्टू आणखी लठ्ठ झाले की ती खोल जाते आणि स्कॅनरला सापडत नाही. म्हणून फक्त डाव्या बाजूला एकदा फिरवून थांबू नये. स्कॅनर कातडीला जवळजवळ टेकवून, सेकंदाला एक वीत यापेक्षा कमी वेगाने, कानामागून खांद्यापर्यंत आधी उभा आणि मग आडवा न्यावा. मग त्याचा कोन बदलून पुन्हा तेच करावे, कारण चिपच्या आतले तारेचे वेटोळे स्कॅनरच्या वेटोळ्याशी आडवे पडले तर ती अगदी जवळ असूनही उत्तर देत नाही. त्यानंतर उजवी बाजू, दोन्ही खांदे, छातीचा पुढचा भाग आणि पुढच्या पायांच्या कोपरापर्यंतची जागा पाहावी. आखडलेल्या मानेच्या तट्टूला डोके खाली घालून गवताचा घास घेऊ द्यावा, मान सैल झाली की बऱ्याचदा चिप लागते.

एक क्रमांक लागला म्हणून तिथेच थांबणेही चूक आहे. पहिली चिप सापडली नाही म्हणून दुसरी बसवलेली, अशी दोन चिपांची जनावरे असतात. दोन्ही जवळजवळ असतील तर दोघींची उत्तरे एकमेकींत मिसळून स्कॅनर गप्पच राहतो किंवा एकच क्रमांक दाखवतो. लांब असतील तर आधी जी लागेल तीच दिसते. पूर्ण मान आणि दोन्ही बाजू स्कॅन करून झाल्यावरच 'एकच चिप' असे म्हणावे.

जुन्या काळातल्या काही चिप १२५ किलोहर्ट्झवर चालतात आणि त्यांचा क्रमांक ९ किंवा १० अक्षरांचा असतो. आजच्या मानकातली चिप १३४.२ किलोहर्ट्झवर बोलते आणि १५ अंक सांगते. फक्त नव्या मानकाचाच स्कॅनर वापरला तर जुनी चिप असूनही 'नाही' असे उत्तर मिळते. वयस्क तट्टूसाठी दोन्ही प्रकार वाचणारा, म्हणजे युनिव्हर्सल स्कॅनरच लागतो. पशुवैद्याला बोलावतानाच हे विचारून घ्यावे.

आता क्रमांकाकडे येऊ. पंधरापैकी पहिले तीन अंक एकतर देशाचे असतात, जसे भारताचे ३५६ किंवा ब्रिटनचे ८२६, नाहीतर ९०० पासून पुढचे, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचे. ९९९ हा चाचणीसाठी राखलेला आकडा आहे, तो जिवंत जनावरात दिसला तर शंका घ्यावीच. देशाचा आकडा जन्मस्थान सांगत नाही, चिप कोणत्या नोंदव्यवस्थेखाली दिली गेली एवढेच सांगतो. उरलेल्या बारा अंकांची कमाल मर्यादा चिपच्या रचनेतच ठरलेली आहे: २७४८७७९०६९४३. याचा व्यवहारात फार उपयोग होतो. पंधरा अंकी क्रमांकातला चौथा अंक ०, १ किंवा २ यांपैकीच असू शकतो. पासपोर्टवर हाताने लिहिलेल्या क्रमांकात तिथे ७ दिसला, तर बहुधा तो कुणाचा तरी घाईत लिहिलेला १ असतो. स्कॅनर क्रमांक चुकीचा वाचत नाही, चिप क्रमांकासोबत पडताळणीचा संकेतही पाठवते आणि तो जुळला नाही तर पडद्यावर काहीच येत नाही. चुका होतात त्या माणसाच्या हातून, उतरवून घेताना. म्हणून तपासताना क्रमांक नुसता कागदावर उतरवून त्यावर भिस्त ठेवू नये. स्कॅनरचा पडदा आणि पासपोर्टचे पान एकाच फोटोत घ्यावे आणि मागे जनावराचे डोकेही दिसू द्यावे.

आणखी एक घोटाळा वारंवार होतो. पासपोर्टवर यूईएलएन नावाचा घोड्याचा आजन्म क्रमांकही असतो. तोही पंधरा स्थानांचाच: पहिली तीन देशाची, पुढची तीन नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, शेवटची नऊ जनावराची, आणि त्यात इंग्रजी अक्षरेही येऊ शकतात. अनेक जण यूईएलएनलाच चिपचा क्रमांक समजतात आणि 'जुळत नाही' म्हणून घाबरतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे चिप नसतानाही पासपोर्टवर पंधरा अंक पाहून निर्धास्त होतात. चिपच्या क्रमांकाची जागा वेगळी असते आणि तिथे शक्यतो बारकोडचे छापील स्टिकर असते. स्टिकर, त्याखालचे अंक आणि स्कॅनरचा पडदा, तिन्ही अंकन् अंक वाचावेत. एकाने मोठ्याने म्हणायचे, दुसऱ्याने पाहायचे.

पासपोर्ट हातात आल्यावर पहिले पान उघडण्याआधी त्याची शिवण पाहावी. पाने क्रमाने आहेत का, मधले पान फाडलेले नाही ना, खाडाखोड, पांढरी शाई, एका स्टिकरवर दुसरे स्टिकर असे काही नाही ना, हे बघावे. 'डुप्लिकेट' किंवा 'रिप्लेसमेंट' असा शिक्का असेल तर तो गुन्हा नव्हे, पासपोर्ट हरवतात. पण मूळ पासपोर्टमध्ये काय होते आणि तो का गेला, हे देणाऱ्या संस्थेला विचारायलाच हवे. संस्थेचा फोन क्रमांक विकणाऱ्याकडून घेऊ नये, स्वतः शोधावा. लसीकरणाची पाने बहुतेक लोक चाळून सोडून देतात, पण त्यांच्याइतका खरा इतिहास दुसरीकडे सापडत नाही. प्रत्येक नोंदीत तारीख, लशीच्या बॅचचे स्टिकर, पशुवैद्याची सही आणि शिक्का असतो. त्यावरून जनावर कोणत्या वर्षी कुणाच्या देखरेखीत होते ते कळते. मध्ये पाच वर्षे कोरी असतील तर त्या वर्षांत ते कुठे होते, हा प्रश्न विचारावा. पहिल्या लशीची तारीख सांगितलेल्या जन्मतारखेच्या आधीची निघाली, तर प्रश्न विचारायचीही गरज उरत नाही.

यानंतरचे काम लोक सर्वांत जास्त टाळतात, ते म्हणजे पासपोर्टमधली आकृती जनावराशी ताडून पाहणे. या पानावर घोड्याची डावी बाजू, उजवी बाजू, समोरून चेहरा, मागचे-पुढचे पाय, मानेची खालची बाजू आणि नाकाडाची आकृती असते. पांढरे भाग लाल शाईने, केसांचे भोवरे फुलीने आणि जुन्या जखमेच्या खुणा बाणाने दाखवतात. भोवरे हा भाग आपल्याकडच्या जुन्या अश्वपारख्यांना पाठ असे, शुभाशुभासाठी. ओळखीसाठी तो त्याहून मोलाचा आहे. रंग बदलतो, पांढरे ठिपके नव्याने उमटतात, पण भोवऱ्याची जागा जन्मापासून मरेपर्यंत हलत नाही.

ते पाहायचे कसे? कपाळावरची झुलपे वर करून धरावीत, ओल्या फडक्याने कपाळ पुसावे आणि केस जिथे गोल फिरून एका बिंदूत शिरतात तो बिंदू बोटाने शोधावा. मग दोन्ही डोळ्यांच्या वरच्या कडांना जोडणारी रेष मनाशी धरावी. भोवरा रेषेवर आहे, वर आहे की खाली, मध्यावर आहे की एका बाजूला सरकलेला, एक आहे की दोन? आकृतीतली फुली तिथेच असायला हवी. तसेच आयाळीच्या कडेला, गळ्याखाली, छातीवर आणि कुशीत पाहावे. एक लक्षात ठेवावे: समोरून काढलेल्या चेहऱ्यात जनावराची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. आकृती काढणाऱ्यानेही इथे कधी कधी डावे-उजवे उलटे केलेले असते. म्हणून एक खूण विसंगत दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नये, पण तीन-चार खुणा जुळेनात तर तो कागद त्या जनावराचा नाही.

वयस्क तट्टूत या तपासणीच्या दोन खास अडचणी आहेत. सब्जा रंगाचे जनावर जन्मतः काळे, तांबूस किंवा कुमैत असते आणि वर्षागणिक पांढरे होत जाते. शिंगरूपणी काढलेल्या आकृतीत कपाळावरचा ठळक चांद असतो, आणि समोर उभे असलेले पंधरा वर्षांचे जनावर नखशिखांत पांढरे. अशा वेळी त्या जागेचे केस पाण्याने चिंब भिजवावेत. चांदाखालची कातडी गुलाबी असते, बाकीची काळसर, आणि ओल्या केसांतून ती सीमा स्पष्ट दिसते. दुसरी अडचण लांब केसांची. म्हातारपणी कुशिंग्स हा ग्रंथींचा विकार जडलेल्या तट्टूचे केस उन्हाळ्यातही गळत नाहीत, लांब आणि कुरळे वाढतात, आणि भोवरे झाकले जातात. तिथे केस भिजवून किंवा कात्रीने थोडे कमी करून पाहावे लागते. या विकाराची खूण म्हणूनही त्या केसांकडे बघावे, कारण त्यातून खुरांच्या आतल्या थरांची सूज, म्हणजे लॅमिनायटिस, उद्भवते. याउलट, खोगिराने घासून पाठीवर उमटलेले पांढरे ठिपके आकृतीत नसणे स्वाभाविक आहे, ते नंतरचे असतात. गोठवून केलेली खूण असेल तर ती खोगिराखाली किंवा मानेवर आयाळीआड असू शकते. अतिथंड धातूच्या ठशाने केसांचा रंग बनवणाऱ्या पेशी मरतात आणि तिथे अंक किंवा अक्षरांच्या आकाराचे पांढरे केस येतात.

वयाची शहानिशा दातांवरून करतात, पण दात किती सांगतात आणि कुठे गप्प होतात, हे माहीत हवे. पुढचे दुधाचे दात अनुक्रमे अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना पडून कायमचे येतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरते. इथपर्यंत वय बऱ्यापैकी नेमके कळते. पुढे खालच्या दातांच्या माथ्यावरचे खळगे झिजून साधारण सहाव्या, सातव्या, आठव्या वर्षी मधून कडेकडे बुजत जातात. वरच्या कोपऱ्याच्या दातावर उभी गडद खाच असते, तिला गॅल्वेनची खाच म्हणतात. ती दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्यापर्यंत अर्ध्यावर आणि विसाव्यापर्यंत टोकाला पोहोचते, मग वरून पुसली जाऊ लागते. पुस्तकात हे सोपे दिसते. प्रत्यक्षात रेताड जमिनीवर चरणाऱ्याचे दात लवकर झिजतात, लाकूड चावणाऱ्याचे वाकडे झिजतात, आणि काहींच्या दातांवर ती खाच धड उमटतच नाही. दहा-बारा वर्षांपुढे दातांवरून वय म्हणजे काही वर्षांच्या फरकाचा अंदाजच. तरीही चौदा आणि बावीस यांत फरक करायला तो पुरतो. बाजूने पाहिले तर म्हाताऱ्या जनावराचे वरचे-खालचे दात पुढे झुकून टोकदार कोन करतात, दातांचे माथे लंबगोलाचे त्रिकोणी झालेले असतात, डोळ्यांवर खळगे पडतात. या साऱ्या खुणांसोबत दातांच्या माथ्यावर मात्र खोल, काळा, ताजा खळगा दिसला तर सावध व्हावे. म्हातारे दात कोरून आणि डागून तरुण भासवण्याची लबाडी फार जुनी आहे. खऱ्या खळग्याभोवती दातांच्या चकचकीत आवरणाची उंच पांढरी कडा असते. कोरलेल्या खळग्याला ती नसते, आणि ती बनवता येत नाही.

हे सारे करूनही काही वेळा उत्तर अर्धेच मिळते. चिप लागली पण पासपोर्ट नाही: क्रमांकाचे पहिले तीन अंक पाहून संबंधित डेटाबेसमध्ये आणि जिथे चोरीच्या जनावरांची नोंद ठेवतात तिथे चौकशी करावी. नोंदलेला मालक विकणाऱ्याहून वेगळा निघाला तर त्याची लेखी संमती आल्याशिवाय एक पैसाही देऊ नये. पासपोर्टमध्ये चिप आहे पण जनावरात लागत नाही: चिप बंद पडू शकते, क्वचितच. आधी युनिव्हर्सल स्कॅनरने पुन्हा पाहावे, मग मानेवर लहान व्रण किंवा केस नसलेला ठिपका आहे का ते बोटांनी चाचपावे, कारण चिप कापून काढणारेही असतात. दोन क्रमांक लागले आणि कागदावर एकच आहे: दोन्ही क्रमांक नोंदणी संस्थेला कळवून दोन्ही एकाच नोंदीत लिहून घ्यावेत. आणि क्रमांक कागदाशी जुळतो, पण भोवरे जुळत नाहीत, हा प्रकार सर्वांत वाईट. पुन्हा लिहिता येणाऱ्या चिप बाजारात मिळतात, म्हणून क्रमांक आणि शरीर यांत तंटा झाला तर शरीराचे ऐकावे.

जातिवंत म्हणून विकल्या जाणाऱ्या तट्टूत शेवटचा उपाय डीएनएचा. आयाळीतले तीस-चाळीस केस मुळासकट उपटून कोरड्या कागदी पाकिटात ठेवतात. कापलेले केस चालत नाहीत, कारण या चाचणीला लागणारे द्रव्य मुळाशी असते. मात्र वंशावळ ठेवणाऱ्या संस्थेकडे त्या जनावराचा किंवा त्याच्या आई-बापाचा नमुना आधीपासून असेल तरच याचा उपयोग.

तट्टूला खरोखरच चिप नसेल तर सौद्याआधी, विकणाऱ्याच्या समोर, पशुवैद्याकडून ती बसवून घ्यावी. पूर्ण स्कॅन करून काहीच नाही याची खात्री, सुईतल्या चिपचा क्रमांक स्टिकरशी ताडणे, जागेवरचे केस काढून जंतुनाशकाने पुसणे, धनुर्वाताची लस चालू आहे का ते पाहणे, टोचल्यावर लगेच पुन्हा स्कॅन, हा क्रम मोडू नये. चरबीदार मानेच्या तट्टूत सुई लिगामेंटपर्यंत गेली पाहिजे, हे पशुवैद्याला आवर्जून सांगावे. थोडी सूज दोन-चार दिवस राहते. त्याच दिवशी चिपचा क्रमांक पासपोर्टवर आणि डेटाबेसमध्ये दोन्हीकडे चढला पाहिजे. ही दोन वेगळी कामे आहेत, एक केले की दुसरे आपोआप होत नाही.

पैसे देतानाच पासपोर्ट हातात घ्यावा. 'मागाहून पाठवतो' हे उत्तर आले तर पैसेही मागाहून द्यावेत. पावतीवर चिपचे पंधरा अंक, यूईएलएन, रंग, उंची, विकणाऱ्याने सांगितलेले वय आणि 'हे जनावर माझ्या मालकीचे आहे' हे वाक्य लिहून सही घ्यावी. तपासणीच्या दिवशी पशुवैद्याकडून रक्ताचा नमुना काढून ठेवून घेणे शहाणपणाचे, लंगडणे लपवायला दिलेले वेदनाशामक पुढे त्यातच सापडते. मालकीबदलाची नोंद त्याच आठवड्यात करावी.

शेवटी मालकांना एक विनंती. तट्टू गेल्यावर त्याचा पासपोर्ट आठवण म्हणून कपाटात ठेवू नये. मेलेल्या जनावराचे जिवंत कागद हेच खोट्या ओळखीचे भांडवल असते. घर बदलताना, रद्दी काढताना ते कुणाच्या तरी हाती पडतात आणि त्याच रंगाच्या दुसऱ्या जनावरावर चढतात. पासपोर्ट देणाऱ्या संस्थेला मृत्यूची तारीख कळवून तो परत पाठवावा आणि चिपची नोंदही बंद करून घ्यावी. विनंती केली तर बऱ्याच संस्था पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारून तो मालकाला परत देतात.

आपले,
घोड्यांच्या ओळखनोंदींचे काम करणारे काही वाचक